हाय

विडी घरकुलात, पत्र्यांच्या चौथ्या ओळीत
मी परत दारं वाजवत फिरते आहे.
गळ्यात तेच ओळखपत्र, कडेनं सुटलेलं,
पिशवीत तीच कपाळावर रोखायची बंदूक.
सेल तेवढे नवे, माझ्या पैशाचे.

"काय ओ ताई, परत आलं काय ते?"
पुष्पाबाई येमूल विचारते.
तेंदूच्या पानावरची कात्री थांबत नाही,
पण नातवाला ती कोपरानं आत सारते.
नाही ओ, म्हणते मी,
या खेपेला ताप घराला आहे.

दुपारचे दोन.
मी बंदूक वर धरते, डोक्यावरच्या पत्र्यावर.
यंत्र माणसाच्या अंगासाठी केलेलं,
त्रेचाळीसच्या पुढं त्याला मोजता येत नाही.
तांबड्या उजेडात दोन इंग्रजी अक्षरं येतात : हाय.
नातू ओरडतो, "बघ की बे, पत्रा नमस्कार करलालाय!"
पुष्पाबाई शाळेत गेलेली नाही.
तिनं नुसतं ऐकलं,
आणि विडीला दोरा गुंडाळत म्हणाली,
"लागणारच की कुणाची तरी."

त्या वर्षी याच गल्लीत
माझ्या अंगावर भांडी धुतलेलं पाणी आलं होतं.
त्याच घरातून रात्री साडेअकराला फोन आला होता,
ताई, श्वास पुरत नाही म्हणतेय, काय करू.
दोन्ही गोष्टी मला पाठ आहेत.
त्यांनाही असाव्यात,
म्हणून तर आज पाट मांडतात.

मला भाषण जमत नाही.
महापालिकेत एका साहेबांनी पडद्यावर पृथ्वी दाखवली,
लाल होत गेलेली, वरच्या टोकाला वितळणारा बर्फ.
बर्फ आमच्याकडे लग्नात येतो, भुशात गुंडाळून.
गल्लीत मी पृथ्वी काढत नाही.
पाचव्या दिवशीचं पाणी भर उन्हात का, पहाटे सोडा, म्हणते.
एप्रिल-मेत माग बारा ते चार बंद ठेवा,
पगार कापू नका.
रस्ता रुंद करताना पाडलेले सहा लिंब परत लावा.
आणि चुना. चुना, थोडा डिंक, शिडी कुणाची तरी.

सह्या पाचशे हव्यात.
नवी वही मिळाली नाही, म्हणून जुनीच उलटी केली,
पानांच्या कोऱ्या पाठीवर नावं घेते आहे.
शाई इकडे थोडी फुटली आहे.

मल्लेशम चिप्पा सही करत नाही.
रात्रपाळी करून आलेला, केसांत सुताची पिंज.
"तेव्हा थाळ्या वाजवल्या. आता काय वाजवू?"
मी गप्प.
तो वही परत द्यायला उचलतो,
दारातलं ऊन पानातून आरपार जातं
आणि पलीकडून, उलट्या अक्षरांत,
त्याची बायको येते.
वय चौतीस. ऑक्सिजन एकाहत्तर.
अक्षर माझंच.
मागच्या आळीत माग चालू, खटाक खट, खटाक खट.
त्यानं वही मिटली, माझ्या हातात दिली,
दार लावलं. आपटलं नाही.

दोनशे चौदा झाल्यात.
काहींनी शेजाऱ्याचीही करून टाकली होती, त्या मी खोडल्या.
एकीनं विचारलं, सही केल्यावर सिलिंडर मिळतो काय.

शुक्रवारी मल्लेशमच्या भिंतीला शिडी दिसली.
पत्रा अर्धा पांढरा, अर्धा तसाच गंजका.
चुना संपला म्हणाला, पगार झाला की बघू.
मी आत जाऊन बंदूक वर धरली.
गंजक्या बाजूला : हाय.
पांढऱ्या बाजूला यंत्र जरा घुटमळलं,
मग आकडा आला,
एक्केचाळीस पॉइंट सहा.
माणूस असता तर रिक्षा बोलावली असती मी.

मल्लेशम आकड्याकडे बघत राहिला.
मग पोरीची चटई
ओढत ओढत त्या बाजूला नेली.

सही अजून केलेली नाही.